चौघांची एक नाडी

सुलक्षणा पासली गावची आशाताई. करोनाच्या त्या पावसाळ्यात बेचाळीस घरं तिच्याकडं होती. रोज सकाळी उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, खिडकीतून आलेल्या हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचं आणि ऑक्सिजन नि नाडी असे दोन आकडे ज्याच्या त्याच्या नावापुढं मोबाईलमध्ये भरायचे. आकडा बरा असला की नावापुढं हिरवा ठिपका उमटे, नाहीतर लाल. लावणीच्या दिवसांत सगळेच हात चिखलानं एका रंगाचे झालेले. एका हातात छत्री सावरत ती बोटाकडं कमी आणि पडद्याकडं जास्त बघे. पंधरा दिवस गाव हिरवं होतं. दृष्ट लागू नये, असं ती सासूला म्हणालीही होती.

त्या दुपारी भोरहून डॉक्टर सरोज यांचा फोन आला. गावोगावचे आकडे त्या तिथं बसून तपासत. गेनबांच्या घरात माणसं किती, त्यांनी विचारलं. चार, सुलक्षणा म्हणाली.

“आज चौघांची नाडी अठ्ठ्याऐंशी. काल चौघांची ब्याण्णव. परवा शहाऐंशी. सुलक्षणाताई, चार माणसांची काळजं अशी जोडीनं चालत नाहीत.”

ती बांधावर होती. तिथूनच गेनबांच्या घराकडं पळत सुटली.

गेनबांची बायको साळूबाई दारात आडवी आली. सुलक्षणा तिला बाजूला सारून आत शिरली. चुलीपाशी गेनबा रोपांच्या जुड्या बांधायला पेंढ्याचे बंद वळत बसले होते.

“आज आत कशा?” ते हसले. “च्या तरी घ्या... बाईसाहेब.” दोन शब्दांमध्ये त्यांना थांबावं लागलं होतं.

तिनं बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन एकाहत्तर उमटला; पंच्याण्णवच्या खाली धोका. गार बोटानं यंत्र फसतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्यांचे हात चुलीशी शेकले, चोळले, पुन्हा लावलं. सत्तर. माणूस हसत होता, बंद वळत होता, आणि सत्तर.

“माजंच बोट व्हतं, ताई,” सून नूतन भिंतीकडं बघत म्हणाली. “चौघांच्या नावानं.”

“मग काय करायचं व्हतं?” साळूबाई तडकली. “आमी सावडीनं तीन घरांची लावणी करून आलो. आता आमची पाळी. लाल ठिपका पडला असता तर एक माणूस बांधावर आलं नसतं. रोप पिवळं पडाय लागलंय.”

सुलक्षणानं शेजारच्या धनाजीला जीप काढायला लावली. जीप भोरच्या दवाखान्याकडं निघाली तेव्हाही गेनबा कुठलं खाचर आधी लावायचं ते सांगत होते.

दिवस कलता कलता डॉक्टरांचा फोन आला. ऑक्सिजन लावलाय, आकडा चढतोय, पण आजच काही सांगता येत नाही.

सुलक्षणानं मोबाईल उघडला आणि बाकीच्या घरांच्या नाड्या पहिल्यांदाच एकाखाली एक वाचल्या. रत्नाकडं तीन माणसं, नाडी एक. कोंडिबांकडं पाच माणसं, नाडी एक. ती मोजत गेली. अकरा घरं. हे सगळे आकडे तिनंच भरले होते, स्वतःच्या हातानं.

तिनं हाक मारली तशी कोंडिबांची खिडकी उघडली. सवयीनं एक हात बाहेर आला.

“हात नको. सगळी अंगणात या.”

आत कुजबुज झाली. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. धाकटी सून शिवानी बाहेर आली आणि डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली. तिच्यामागून बाकीच्या चौघांपैकी कुणीच आलं नाही.