बहिणीनं सही केली न्हाई

शेवटच्या सांजेला आमी नवरा-बायको अंगणात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलीत बसलो होतो. पण त्या घडीला मी तिचा भाऊ होतो. नवं काही लिहिलं की ती मला कोणाचं तरी बोलणं म्हणायला लावायची.

"म्हणा, 'ताई, हक्कसोडीवर एवढी सही कर, ही साडी घे.'"

मी म्हणलं.

"असं मेल्यावानी काहून म्हणता? बहिणीची जमीन खाऊन राहिले तुमी. जरा गोड बोला!"

"मला न्हाई जमत."

"माझ्या भावायला तर लई जमलं होतं."

दाणे उकडून खाल्ले, झोपलो. पहाटं ती उठलीच न्हाई.

ती सातवी शिकलेली, मी चौथी नापास. लग्न होऊन आली तवापासून गावच्या जत्रंतली नाटकं तिनंच लिहिली. खुरपता खुरपता बायायला ऐकवायची. हसून खुरपं थांबलं तर ते वाक्य ठेवायची, न्हाईतर खोडायची. अन् हँडबिलावर लेखक कोण? तर शाळेतले गुरुजी! बाईचं नाटक पाहायला कोण येईल, म्हणे. सारं गाव आलं, पोट धरून हसलं, हार गुरुजीच्या गळ्यात. ही पडद्यामागं बसून विसरणाऱ्यायला वाक्यं पुरवून राहिली. मला तवाही राग यायचा, आजही येतो.

मग मोबाइल आले. गावातली पोरं आमच्याच अंगणात व्हिडिओ काढायला लागली. लिहायची हीच. हिंगोलीच्या बसस्टँडवर लोक त्या पोरायसंगं फोटो काढायचे. ही बाजूला पिशवी धरून उभी.

तेरवी उरकली अन् पोरं आली. त्यायचा म्होरक्या म्हणला, "आबा, आजीची शेवटची गोष्ट उद्या काढतो. आखरीला आजीचा फोटो टाकू, हार घालून."

"टाक."

"फक्त शेवट बदललाय. आजीनं लिहिलं, बहीण सही करत न्हाई, साडी परत देते. आमी सही करायला लावतो. भावाच्या गळ्यात पडून रडते. लोक रडले की व्हिडिओ पुढं पाठवतात."

"तुला कोणी सांगितलं रे, बाई गळ्यात पडते म्हणून? सेनगावच्या कचेरीत तिनं स्वतः सही केली तवा मी बाजूला उभा होतो. रडली न्हाई. भावायची साडी घेतली, एकदाबी नेसली न्हाई. एवढी वर्षं मनात ठेवून आता कुठं लिहिलं तिनं. अन् ती मेल्यावर तू तिला पुन्हा सही करायला लावून राहिला?"

"आबा, सिनेमात असंच असतं."

"आग लाव तुझ्या सिनेमाला!"

बाहेर जाऊन तो दुसऱ्याला म्हणला, "म्हातारं दुःखात हाय. सकाळपर्यंत थंड होईल."

कान शाबूत हायत माझे.

सकाळी म्हशीचं दूध काढलं, अंगणाच्या फाटकाला आतून कुलूप घातलं अन् बाज टाकून बसलो. पोरायची गाडी आली. हॉर्नवर हॉर्न.

"आबा, उघडा, ऊन चढून राहिलं!"

"तिनं लिहिलं तसं करता का?"

"आमाला दुसऱ्याचं अंगण भेटंल!"

"जा मग. तिथं घ्या सही."

व्हिडिओत बहिणीचं काम करणारी गावातलीच एक सून गाडीतून उतरली. डोक्यावर पदर घेऊन फाटकापाशी आली.

"आबा, आजीनं लिहिलेली बहीण शेवटाला काय बोलते, ते मला कोणी दाखवलंच न्हाई. तुमी सांगता?"

मी कुलूप काढलं, तिला एकटीला आत घेतलं अन् परत लावून टाकलं.