'म्हंजे काय' सर

मोठा शब्द कानावर पडला की सर हातातला चहा खाली ठेवत. "म्हंजे काय?" एवढंच विचारत. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या माणसाचं खरं नाव दारावरच्या पाटीपुरतंच उरलं होतं. आमच्यासाठी ते 'म्हंजे काय' सर.

उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या खोलीत आमची पत्रकं तयार होत. एकदा माझा वर्गमित्र, कन्नड तालुक्यातला संदीप, लिहून बसला, 'वसतिगृहातलं शोषण थांबवा!'

"शोषण म्हंजे काय रं?"

"अन्याय, सर."

"आन् अन्याय?"

"शोषणच की."

"अरे, उस्मानपुरा कुठंय विचारलं, तर उस्मानपुऱ्यात म्हणून सांगायलास!"

शब्दात काय बसतं ते दाखवा, आणि बसल्यासारखं वाटूनही काय बसत नाही तेही दाखवा, हा त्यांचा नियम. जमत नसेल तर शब्द खोडा. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं ओळ खोडून लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. फी मात्र सगळ्यांना सारखी.'

"आता छापा बिनधास्त. कुणी विचारलं तर मी हाय."

कॉलेजनं विचारलं. चौकशी समिती नेमली, त्यात सरांनाही घेतलं. पत्रक वाटणाऱ्या संदीपला वसतिगृहातून काढलं. कारण एका शब्दाचं: बेशिस्त. खाली तीन सह्या, त्यातली एक सरांची.

आम्ही दोघं सरांच्या खोलीवर गेलो. संदीपनं पेटी दारातच ठेवली.

"सर, बेशिस्त म्हंजे काय?" मी विचारलं.

सर चष्मा पुसत राहिले. "पोरी, काही शब्द समजून घ्यायचे असतात."

"उदाहरण द्या की, सर," संदीप म्हणाला. "वाटणारा त्यात बसतो. मग लिहिणारा का नाय बसत?"

सरांनी चहा उचलला, पण प्यायले नाहीत. संदीप त्याच संध्याकाळी एसटीनं गावी गेला. शहरात खोली परवडणारी नव्हती. शिक्षण तिथंच सुटलं.

मी सरांविरुद्ध पत्रक लिहायला बसले. पहिलाच शब्द, विश्वासघात. हात अडला. म्हंजे काय? सही तर आणखी दोघांनी केली होती. पण त्या दोघांनी आम्हाला कधी भरवसा दिला नव्हता. ते निर्दय होते, इतकंच. 'मी आहे' म्हणून पुढं उभं करायचं आणि वेळ आली की मागं सरायचं, तो विश्वासघात. त्यात एकच माणूस बसत होता.

शब्द खोडता यावा म्हणून मी खूप कारणं शोधली. सरांच्याच नियमानं तो टिकला.

पहिली प्रत त्यांच्या दाराखालून आत सरकवली. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'चुकलं असेल तर खोडून परत द्या.'

अजून दिलेली नाही.