मेणाची गोष्ट खोडणारे राठोड सर

महागाव, १४ डिसेंबर. राठोड सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख मागणारी तीन पत्रं आली, तरी मी गप्प राहिलो. समितीची क्षमा मागतो. कारण पुढे येईलच.

देविदास राठोड सर मला पहिल्यांदा भेटले ते दारव्ह्याच्या कॉलेजात, अकरावीला. पोटदुखीमुळे गैरहजर होतो, असा इंग्रजी अर्ज मी दिला. खाली ‘युवर्स सिन्सियरली’.

“खरंच दुखत होतं?”

“नाही सर. बाजारात गेलतो.”

“मग सिन्सियरली खोड. रजा मंजूर.”

वर्ग हसला. मग सरांनी समजावलं: आपल्याकडे नेमानं काम करणाऱ्याला सिन्सियर म्हणतात; इंग्रजीत मनात असेल तेच बोलणाऱ्याला. शब्दाचं मूळही सांगितलं. जुने मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणानं बुजवत. बिनमेणाची, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सिने सेरा’, मूर्ती ती ‘सिन्सियर’. ती गोष्ट ऐकूनच मी इंग्रजीचा शिक्षक व्हायचं ठरवलं.

निवृत्तीनंतर सरांनी मोठा शब्दकोश घेतला. एका मे महिन्यात ते जीपमध्ये दाटीवाटीनं बसून महागावला माझ्या दारात उतरले. पाणीही न घेता म्हणाले, “ते मेणाचं खरं नाही बाप्पा. पुरावाच नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता स्वच्छ, निर्भेळ. मी तुले चुकीचं शिकवलं.”

“एवढ्यासाठी उन्हात काहून आले सर? फोन करायचा ना!”

“शिकवलं समोर उभं राहून. चूक फोनवर कायले सांगू?”

मग जेवायला बसले. माझ्या आईला कमी ऐकू येतं, म्हणून तिच्याशी मोठमोठ्यानं आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत गप्पा मारल्या. आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

सापडतील तितक्या जुन्या विद्यार्थ्यांकडे सर असेच गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, मला म्हणाल्या, “जन्मभर पोरांचे पेपर तपासले, आता सोताचा तपासून राह्यले!”

आता माझ्या गप्प राहण्याचं कारण. सर येऊन गेले त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतरही मी दर वर्षी वर्गात मेणाचीच गोष्ट सांगतो. मुलं डोळे मोठे करून ऐकतात आणि मला ते आवडतं. हा लेखही तिच्यापासूनच सुरू करत होतो. दर वेळी कागद फाडला. ज्यांनी ती गोष्ट दारोदार जाऊन खोडली, त्यांचा गौरव तिच्यानंच कसा करू?

सर, हे वाचून रागवा. रागवायला पुन्हा जीपनं या. तेवढं बळ तुमच्या पायांत शंभरीपर्यंत राहो.

उद्याचं काम: नववी ब, पहिला तास. मुलांच्या वह्यांतली मेणाची गोष्ट त्यांच्यासमोर उभं राहून खोडून घेणे.