नित्याची मधली सीट: बोरिवली ते घाटकोपर

या ब्लॉगवर तुम्ही घाट, किल्ले आणि समुद्र वाचायला येता, मला माहीत आहे. ह्या खेपेला गाडी मुंबईबाहेर गेलीच नाही. दहिसरहून निघालो, बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर केलं आणि परत दहिसर. अख्खा दिवस गेला, कंबर धरली, आणि पाहिलं काय, तर थिएटरं. त्यातल्या एकातही सिनेमा बघितला नाही. तरी लिहितेय, कारण ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे त्यांना यातलं काहीतरी कामाला येईल. ज्यांच्या घरी नाही त्यांनीही वाचलं तर बरं.

आधी माणसं सांगते. मी वैशाली, राहणार चारकोप. संध्या आणि नितीन दहिसरचे. अंधेरीतल्या एका कंपनीत आम्ही तिघं एकाच दिवशी कामाला लागलो आणि पहिल्या पगारात एकत्र सिनेमा बघितला. पुढे नोकऱ्या बदलल्या, लग्नं झाली, पोरं झाली, पण मोठा सिनेमा आला की आम्ही तिघांनीच जायचं हे ठरलेलं. नियम दोनच. कुणी आधी बघायचा नाही, आणि नित्या मधे बसणार. मी आणि संध्या शेजारी बसलो की बडबड थांबत नाही, आणि तो मधे असला की पॉपकॉर्नवरून भांडण होत नाही. शिवाय इंटरव्हलला मान इकडेतिकडे वळवून तो आम्हा दोघींना एकदमच मूर्खात काढू शकतो.

गेल्या वर्षी नितीनच्या बाइकला सर्व्हिस रोडवर अपघात झाला. कमरेखालची हालचाल गेली, व्हीलचेअर आली. नोकरी घरून सुरू आहे, तब्येतही सावरली. पण त्यानंतर तो एकदाही थिएटरला गेला नाही, म्हणून आम्हीही नाही. त्याचं काही वाटलं नाही. मला टोचत होतं ते वेगळंच. आमच्या ग्रुपवर हा माणूस पूर्वी नुसता ट्रेलर आला तरी निबंध लिहायचा. कॅमेरा कुठे ठेवलाय, आवाज कसा लावलाय, संध्याचा हिरो कसा भंगार आहे. आता काहीही टाका, त्याचा एक अंगठा येतो. बाकी शब्द नाही.

दिवाळीला आरमाराच्या लढाईवरच्या एका सिनेमाचा दुसरा भाग येतोय. पहिला भाग आम्ही अपघाताच्या आधी बघितला होता. शेवटी सेनापतीच्या भावाचं जहाज धुक्यात शिरतं आणि पडदा काळा होतो. भाऊ मेला की जिवंत आहे, यावर संध्या आणि नितीन पार्किंगमध्ये इतके भांडले होते की वॉचमन बघायला आला. दुसऱ्या भागाचा ट्रेलर आल्यावर संध्याने तो ग्रुपवर टाकला आणि मुद्दाम लिहिलं, "भाऊ मेलेलाच आहे, बघ." अंगठा आला.

"आता मी गप बसणार नाही," संध्या मला फोनवर म्हणाली. ती त्याच्या मागेच लागली. शेवटी कंटाळून नितीन एका अटीवर तयार झाला. एक दिवस चार ठिकाणं फिरायची. तिघांना एका रांगेत नीट बसता येईल अशी जागा सापडली तर दिवाळीला जायचं. नाही सापडली तर तो सिनेमा टीव्हीवर येईल तेव्हा घरी बघेल, आणि आम्ही थिएटरचा विषय कायमचा बंद करायचा. कायमचा, हे त्याने दोनदा सांगितलं.

शनिवारी सकाळी संध्या गाडी घेऊन त्याच्या बिल्डिंगखाली आली, मीही तिथेच पोचले. नितीन गाडीत बसतो तेव्हा कुणी हात लावायचा नसतो. तो चेअर पुढच्या सीटला चिकटवतो, ब्रेक लावतो, चेअरचा हात टेकायचा बाजूचा दांडा काढतो आणि तळव्यांवर भार टाकून सरकत सीटवर जातो. वेळ लागतो. तेवढा वेळ आम्ही दोघी उगाच बिल्डिंगसमोरच्या नदीकडे बघत उभ्या राहतो, जसं काय तिथे काही बघण्यासारखं आहे. मग मी चेअर घडी करून डिकीत टाकली आणि निघालो.

वाटेत वाद सुरू झालाच. संध्याचं म्हणणं, हा सिनेमा सगळ्यात मोठ्या पडद्यावरच बघायचा, बाकी सगळं झूट. माझं म्हणणं, आपलं वय काय, आता पाय पसरायला रिक्लायनर पाहिजे. "रिक्लायनरमध्ये तू घोरशील गो," संध्या म्हणाली. "आणि हलत्या खुर्च्या? त्यात तर तोंडावर पाणी पण मारतात." मी म्हटलं, पाणी घरच्या नळालाही येतं. नितीन खिडकीतून बाहेर बघत होता. पूर्वीचा असता तर दोघींची वाट लावली असती.

बोरिवलीतल्या मॉलचं कौतुक करायला हवं. पार्किंगमध्ये व्हीलचेअरसाठी राखीव जागा, लिफ्ट मोठी, दारात उंबरठा नाही. एक उपयोगाची गोष्ट सांगते: नीट विचारलं तर शो सुटल्यावर साफसफाई सुरू असताना आत डोकावू देतात. आत गेलो आणि कळलं, चेअरची जागा पहिल्या रांगेत, एकदम कडेला. नितीनने तिथे चेअर लावून मान वर केली. "इथून हिरोच्या फक्त नाकपुड्या दिसतील," म्हणाला. आम्ही हसलो. तो हसला नाही, चेअर वळवून बाहेर निघाला.

हायवेने अंधेरीला यायला शनिवार असूनही फार वेळ गेला, मेट्रोने गेलात तर सुखात जाल. इथला पडदा म्हणजे खरोखर भिंतच. अख्ख्या इमारतीएवढा. प्रवेश वरच्या बाजूने, आणि दारातून आत पाऊल टाकलं की लगेच पायऱ्या. तिथली दोन पोरं मदतीला धावली. चांगली होती बिचारी. "सर, आम्ही उचलून नेतो ना, रोज कुणाला ना कुणाला उचलतो."

"नको," नितीन म्हणाला.

"टेन्शन घेऊ नका सर, पडणार नाही."

"पडायचं नाही रे. उचलायचंच नाही."

पडद्यावर कुठल्यातरी चाचणीचे रंग येत होते, निळा, मग पांढरा. नितीन दारातच थांबून ते बघत राहिला. आम्ही पुढच्या प्रवासाची घाई करत होतो, तो हलेना. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मिठाईच्या दुकानाबाहेर लहान पोर उभं राहतं तसा दिसत होता, आणि मला फार वाईट वाटलं. हलत्या खुर्च्यांच्या दालनात तर दारावरच पाटी होती, पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये. तो विषय तिथेच संपला.

लिंक रोडने मुलुंड. पोटात कावळे ओरडत होते, पण जे हॉटेल दिसेल त्याला तीन पायऱ्या. शेवटी पार्सल घेऊन गाडीतच खाल्लं, थाळी दोनशेच्या आतबाहेर, कढी डबाभर. मुलुंडचं थिएटर जुनं, नव्याने रंगवलेलं. आत आम्हाला पहिल्यांदा हायसं वाटलं. लॉबी आणि शेवटची रांग एकाच पातळीवर. चेअर सरळ आत. पडदा समोर, मान सरळ. फक्त चेअरची जागा दाराजवळच्या कोपऱ्यात, आणि तिच्या शेजारी सोबत्यासाठी एकच खुर्ची. मग कठडा आणि पुढे दुसरी रांग.

"मी बसते त्याच्याजवळ," मी म्हटलं.

"का? तूच का? इंटरव्हलपर्यंत तू, मग मी."

आम्ही खरोखर वाटण्या करायला लागलो, त्याच्यासमोरच. नितीन थोडा वेळ ऐकत होता. मग शांतपणे म्हणाला, "मला पाळीपाळीने सांभाळू नका. तुम्ही दोघी जाऊन बघा यार. अंधेरीला बघा, मोठ्या पडद्यावर. माझ्यामुळे वर्षभर तुम्ही काही बघितलं नाही, मला ते बरं वाटतं असं समजता का?"

"मेल्या, आम्ही तुझ्यासाठी थांबलो नाय," संध्या म्हणाली. "तू नसलास तर भांडायचं कोणाशी?" तिचा आवाज फाटला होता. चेअर घडी केली, गाडी काढली. मनात म्हटलं, संपलं. हा विषय कायमचा बंद.

घाटकोपरला वळलो ते केवळ जवळ होतं म्हणून, आणि चहा हवा होता म्हणून. तिथल्या खाऊगल्लीत जा, कुठल्याही व्हीलचेअरवाल्याला घेऊन जा. रस्त्यावर पायऱ्या नसतात. गाड्यासमोर चेअर लावून नितीनने चीज डोसा खाल्ला, वर दाबेली खाल्ली, आणि दिवसात पहिल्यांदा कशाचं तरी कौतुक केलं, "चटणी झकास आहे." त्याच्या जोरावर संध्याने विचारलं, चौथं ठिकाण बघायचं का, ठरलेलं आहे ना. त्याने खांदे उडवले.

हे छोटं, महागडं थिएटर. शेवटच्या रांगेत, दाराच्या पातळीवरच, जोडप्यांसाठी सोफ्यासारख्या सीट, दोघांत एक पांघरूण. आम्ही तिघं चाळिशी ओलांडलेले तिथे उभे. चेअरची राखीव जागा पुन्हा पुढेच होती. संध्या वैतागून कडेच्या सोफ्यावर धपकन बसली आणि कोपराचा खालून धक्का लागून त्याचा मधला आर्मरेस्ट वर गेला. "तुटला वाटतं," ती दचकून म्हणाली.

"तुटला नाही मॅडम, कपल सीटला वरच जातो," सीट साफ करणारा म्हणाला.

नितीन मागे वळायला निघाला होता. थांबला. "बाहेरचा? पॅसेजकडचा?"

त्या माणसाने खटका दाबला. तोही वर गेला.

"संध्ये, उठ," नितीन म्हणाला. त्याने चेअर सोफ्याला चिकटवली, ब्रेक लावला, बाजूचा दांडा काढून माझ्याकडे दिला. "कुणी हात लावायचा नाही." तळवे टेकले, सरकला. कडेच्या सीटवर आला. दम घेतला. शर्ट वर गेला होता, तो खाली ओढला. पुन्हा सरकला, आतल्या सीटवर. मी आणि संध्या बंद पडद्याकडे टक लावून बघत होतो, सकाळी नदीकडे बघत होतो तशाच. हेच तर आम्ही सकाळी दहिसरला बघितलं होतं. दिवसभर आम्ही चेअर ठेवायला जागा शोधत फिरलो, आणि ह्या माणसाला बसायला सीट हवी होती.

"बसा ना, उभ्या काय," तो म्हणाला.

मी कडेला बसले. संध्या पलीकडून गेली, पलीकडच्या सोफ्यावर. नित्या मधे. घडी केलेली चेअर दाराशी भिंतीला टेकलेली. संध्या रडत होती आणि पदर नसल्यामुळे माझा रुमाल मागत होती. रुमाल नितीनच्या समोरूनच तिच्याकडे गेला. नितीनने समोर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाला, "पडदा छोटा आहे."

तुम्ही जाणार असाल तर: ह्या सीट महाग आहेत, सकाळच्या शोला जरा स्वस्त. आर्मरेस्ट वर जातो का, हे बुकिंगच्या ॲपवर कुठेच लिहिलेलं नसतं, फोन करून विचारा. तिघं असाल तर चार सीट घ्याव्या लागतात, चौथ्या सीटवर पॉपकॉर्न ठेवा.

घरी आले. लेकीने विचारलं, कुठे फिरलीस? घाटकोपर म्हटल्यावर तिने ते काही फिरणं धरलं नाही. रविवारी सकाळी ओट्यापाशी पोहे परतत होते, फोन वाजला. ग्रुपवर नितीन होता.

"घाटकोपरचं बुकिंग उघडलं की मी करतो, तुम्ही घोळ घालाल. पण पडदा फारच छोटा आहे. लढाई त्यात मावणार नाही, जहाजं बदकं दिसतील. अंधेरीवाल्यांना मेल टाकलाय, की दाराशी पायऱ्यांच्या जागी उतार करा आणि शेवटच्या रांगेत तीन सीटचे आर्मरेस्ट बदला. तिसरा भाग मी तिकडेच बघणार. वैशे, तू रिक्लायनरमध्ये घोरलीस तर मी कोपर मारीन. आणि संध्ये, ट्रेलर तू नीट बघतच नाहीस. धुक्यातून येणाऱ्या जहाजावरचा हात बघ, त्यात अंगठी आहे. भाऊ जिवंत आहे."

पोहे खाली लागले. मी गॅस बंद करून ते पुन्हा वाचलं. तेवढ्यात संध्याचं उत्तर आलं, भांडताना येते तशा मालवणीत, "अंगठी चोरलेली हा, मेल्या. भाव कधीच मेलो."

नितीन टाइप करत होता. बराच वेळ टाइप करत होता.