भगवानचा सकाळचा सूर

बँडवाल्याचं निम्मं आयुष्य नवरदेवाची वाट पाहण्यात जातं. आपण लाल कोट आणि टोपी चढवून मारुतीच्या पाराजवळ उभे, आणि नवरदेवाची अजून दाढीच चाललेली. अशा वेळी माणसानं करायचं काय? एकमेकांची टिंगल. त्या टिंगलीतूनच आमच्या शेलूबाजारच्या बँडमध्ये इतके किस्से साठले आहेत, की ढोलाच्या पोटात भरले तर ढोल वाजायचा नाही. ढोल माझ्याकडे असतो, म्हणून सांगतो.

सध्या सगळे किस्से भगवानचे आहेत. भगवान आमचा बासवाला. बास म्हणजे ते अंगाला अजगरासारखं गुंडाळून घ्यायचं मोठं पितळी वाद्य. पोरं त्याला भोंगा म्हणतात. पावसाळ्यात भगवानला न्यूमोनिया झाला. माणूस वाचला, दम गेला. लांब सूर धरला की मध्येच तुटायचा. आमचे मालक किसन मास्तर भेटायला दवाखान्यात गेले, केळी दिली आणि म्हणाले, "पोहरादेवीच्या जत्रेपर्यंत दम आला तं तू. नाही तं कारंज्याचा कीबोर्डवाला. त्याच्या डब्यात बास भरूनच येते. अन् डब्याले न्यूमोनिया होत नाही."

असा मायाळू मालक. केळीसुद्धा जास्त पिकलेली होती.

*

भगवाननं दम आणायला डॉक्टर धरला नाही, मोबाईल धरला. त्यात एक गोरा मास्तर मांडीवर बास घेऊन बसतो. मागे पियानो वाजतो आणि त्याच्या साथीनं रोज सकाळी ओठ, छाती, सूर सगळं गरम करून घ्यायचं. इंग्रजी आमच्यात कोणालाच येत नाही, भगवानलाही नाही. तो नुसतं बघून बघून करायचा.

स्टँडजवळ आमची टिनाची खोली आहे. गिऱ्हाइकाची वाट पाहत आम्ही सकाळपासून तिथंच बसतो. म्हणजे भगवानचा दम येवो न येवो, पियानो सगळ्यांच्या कपाळी. हिवाळाभर तेच ऐकून कान किटले.

"वरातीत हा पियानोवाला कुठं बसवतं बे?" आमचा ट्रम्पेटवाला महादेव रोज विचारायचा. "घोड्यावर, का नवरीच्या मांडीवर?"

भगवान उत्तर द्यायचा नाही. उत्तराला दम लागतो.

*

गोरा मास्तर दोन सुरांच्या मध्ये एक मोठा कप उचलून काहीतरी पितो. भगवाननं तेही शिक्षणच धरलं. त्याची बायको शोभा रोज चहाचा गिलास घेऊन खोलीच्या दारात उभी राहायची. मास्तरानं मोबाईलमध्ये कप उचलला की इकडे हिनं गिलास द्यायचा. यानं एकच घोट घ्यायचा आणि गिलास परत द्यायचा.

एक दिवस तिला यायला उशीर झाला, तर यानं घोटावाचून पुढचा सूर धरला नाही. पियानो आपला पुढं निघून गेला. शोभा आली, तिनं सगळं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तो गोरा उद्या कपाळ फोडून घेईन, तं वरवंटा आणू काय?"

*

ओठांचा व्यायाम वाद्याशिवाय करायचा असतो. ओठ मिटून फुर्रर्र करत हवा सोडायची. घरी बसून करावा की नाही? हा करायचा जीपमध्ये. मंगरूळच्या वाटेवर गच्च भरलेल्या जीपमध्ये यानं डोळे मिटले आणि फुर्रर्र सुरू केलं. ओठ थरथरतात, गाल हलतात, तोंडातून थुंकीचे तुषार उडतात. शेजारची म्हातारी ओरडली, याला फेफरं आलं. ड्रायव्हरनं जीप बाजूला घेतली. कोणी कांदा फोडून याच्या नाकाला लावला, कोणी पायातली चप्पल.

मी समोरच्याच सीटवर होतो. सांगत होतो की हा बँडवाला आहे, पण माझं बोलणं हळू. माझं वाक्य पुरं होईपर्यंत दुसरी चप्पल आली होती.

भगवाननं मात्र डोळे उघडले नाहीत. एका नाकपुडीवर कांदा, दुसरीवर चप्पल, आणि यानं व्यायाम पुरा केला. खाली उतरल्यावर मला म्हणाला, "भाऊ, आज श्वास थोडा जास्त पुरला."

मी हसलो नाही. त्याआधी आठवडाभर तो घराची पायरी चढताना थांबत होता, ते मी पाहिलं होतं.

*

धनजच्या वरातीत मात्र त्यानं कहर केला. मोबाईलवाला मास्तर काही सूर झाले की बास खाली ठेवतो, पियानो एकटाच वाजतो आणि तेवढ्यात आपण विसावा घ्यायचा. हिवाळाभराची सवय. भर वरातीत भगवाननं बास तोंडाचा काढला आणि प्रसन्न चेहऱ्यानं आभाळाकडे बघत उभा राहिला. खालचा सूर गेला तशी ट्रम्पेटची चाल लंगडली. आमच्या किसन मास्तरांचं क्लॅरनेट थांबलं. मी ढोलावर काठी धरून तसाच राहिलो.

नवरदेवाचा मामा तेव्हा दातात रुमाल धरून नागीण होऊन डांबरावर लोळत होता. वाजणं बंद पडलं आणि तो तसाच उताणा राहिला. थोडा वेळ वाट पाहून त्यानं रुमाल काढला आणि विचारलं, "अबे, मी आता मरू का उठू?"

त्याच संध्याकाळी मास्तरांनी कीबोर्डवाल्याला फोन लावला.

*

परीक्षा ठरली. सोमवारी सकाळी, टिनाच्या खोलीत. भगवाननं जत्रेत वाजवायच्या भजनाचा शेवटचा खालचा सूर धरायचा. मास्तर डोळे मिटून ऐकणार. सूर टिकला तर भगवान पोहरादेवीला, तुटला तर बास माळ्यावर. कीबोर्डवाला आपला डबा चादरीत बांधून आधीच येऊन बसला होता. त्याला आमच्याच चहातला चहा दिला.

भगवान आला तो रिकाम्या हातानं. मोबाईल आदल्या दिवशी ढोरांच्या हौदात पडला होता. त्यानं बास अंगावर घेतला आणि म्हणाला, "मास्तर, आधी सकाळचं वाजवू द्या. त्याच्याबिगर ओठ उघडत नाही."

"वाजव ना. तुले कोनं धरलं?"

त्यानं पहिला सूर लावला आणि थांबला. पियानोची जागा आली होती. बाहेर जीपवाला मालेगावचं सीट ओरडत होता. भगवाननं पुन्हा लावला, पुन्हा थांबला. दारात शोभा गिलास घेऊन उभी होती. तिनं खाली पाहिलं.

मग महादेवनं कंटाळल्यासारखा ट्रम्पेट उचलला आणि हळूच पियानोची ती चाल काढली. जशीच्या तशी. शिव्या देत देत हिवाळाभर ऐकलेली. माझी काठी कधी पडायला लागली, मला कळलं नाही. चौथ्या वळणावर मास्तरांनी पिशवीतून क्लॅरनेट काढलं, तोंडानं "काय कटकट आहे" म्हणाले आणि वरचे सूर भरायला लागले. सगळं झालं, ओठांचं, छातीचं, चढायचं, उतरायचं. त्यातूनच मास्तरांनी भजन उचललं, आम्ही त्यांच्यामागे वाजवत गेलो, आणि भगवाननं तो शेवटचा खालचा सूर धरला. आम्हीही धरला, सगळ्यांनी, जितका पुरला तितका. टिनाचे पत्रे थरथरत होते. जीपवाला सीट ओरडायचं सोडून दारात आला होता.

थांबलो तेव्हा भगवान भिंतीला टेकला होता आणि शोभा त्याच्या तोंडाला गिलास लावत होती.

कीबोर्डवाल्यानं चादरीच्या गाठीवर, सोडू का नको, असा हात ठेवला आणि मास्तरांना विचारलं, "मंग? सूर टिकला का तुटला?"

मास्तर क्लॅरनेट पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "मले काय माहीत? मी वाजवून राह्यलो होतो."