विहिरीत थंड केलेली पानं

आमच्या घरात सगळ्यात जपलेली वस्तू म्हणजे अरबी व्याकरणाची पोथी. हसू नका. अंजनगाव सुर्जीत कोणाकडे सोनं असतं, कोणाकडे संत्र्याची बाग. आमच्याकडे बाजेखालच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात, व्याकरण होतं. अब्बा मदरशात अरबी शिकवत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवणारी. कुराण मला वाचता येतं, पण ते जेर-जबरच्या, म्हणजे स्वरांच्या, खुणा लावलेलं. या पोथीत एकही खूण नव्हती, म्हणजे माझ्यापुरत्या सगळ्या मुंग्याच.

मूळ ग्रंथ शेकडो वर्षांपूर्वीचा, तिकडे इराणाकडचा. ही नक्कल मात्र आपल्या अचलपुरात झालेली. मधोमध मूळच्या दोन-चार ओळी, भोवती टीका, आणि समासात टीकेवरची टीका, तिरपी, उलटी, पोथी फिरवून फिरवून वाचावी लागे अशी. पहिल्या पानावर नक्कल करणाऱ्यानं किड्यांच्या राजाला विनवणी लिहिली होती, की बाबा रे, तुझ्या प्रजेला हे खाऊ देऊ नको. तशी जुनी चालच होती. तरी कसरीनं खायचं ते खाल्लंच.

"एवढं भांडाभांडीचं काय हाय याच्यात?" मी विचारायची.

"भांडण नाही बेटा, गप्पा हायेत. हा म्हणते असं कावून, तो म्हणते असं म्हणून. कितीक पिढ्यांपासून बसले हायेत."

दुःख एकच होतं. पोथीला शेवट नव्हता. पानं विस्कटली तर जुळवता यावीत म्हणून जुन्या नकलांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवतात. आमच्या शेवटच्या पानाखाली तसा शब्द होता, आणि पुढचं पानच नव्हतं. अब्बा त्या शब्दावर बोट ठेवून म्हणत, "वाट पाहून राहिला बिचारा."

बाळापूरला अब्बांचे जुने दोस्त होते, मदरशात बरोबर शिकलेले. त्यांच्याकडे त्याच टीकेची अख्खी नक्कल. "ये, शेवट उतरवून ने," ते दरवर्षी म्हणत. अब्बा दरवर्षी म्हणत, पीक निघालं की येतो. आमच्याकडे लग्न काय, घराची कौलं काय, सगळंच पीक निघालं की. मदरसासुद्धा कापसाच्या हंगामात लोक देतील त्यावर चाले. मग ती वर्षं आली. पेपरात रोज शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी, आणि त्यात कुठल्या तरी ओळखीच्या गावाचं नाव. अब्बा वाचत आणि पेपर घडी घालून उशीखाली ठेवत. लोकांजवळ द्यायला काही उरलं नाही. मोठी पोरं सुरतेला, पुण्याला कामाला गेली आणि व्याकरणाचा वर्ग ओस पडला. अब्बा तरीही वेळेवर जाऊन तिथे बसत. जेवायला हाक मारली की म्हणत, "सबक चालू हाय." मला इतका राग यायचा!

त्यातच डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर यायची नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि त्याच सुमारास बाळापूरचे दोस्त वारल्याची खबर आली.

"आता पिकाची वाट नाही पाहत मी," अब्बा म्हणाले. नजर आहे तोवर तो शेवट उतरवायचा, एवढंच त्यांना हवं होतं.

"मग उद्याच जाऊ," मी म्हटलं.

"इद्दत संपू दे. बेवा बाईच्या दारात किताब मागत जाऊ काय?"

नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही, परक्या पुरुषासमोर येत नाही. अब्बांनी ते दिवस काढले. मग एसटीनं अकोट, अकोला, बाळापूर. मांडीवर कापडात बांधलेले कलम, दौत आणि कोरे कागद. वाटेत ते चक्क गुणगुणत होते.

दोस्तांची बायको, माझ्या खाला, ओसरीत बसल्या होत्या. सामान बांधलेलं, मुलानं शेती सोडून पुण्यात नोकरी धरली होती, तो आईला न्यायला आला होता. चहा झाला. अब्बांनी हळूच किताबांचा विषय काढला.

"भाईजान, तुमी फिकर नका करू. रद्दीवाला दोनदा येऊन गेला. मी म्हटलं, अल्लाचं कलाम तराजूत टाकीन काय? इद्दत संपली आन् पहिलं काम तेच केलं. वजू केलं, हिरव्या कपड्यात बांधलं आन् समदे पानं थंडे केले."

वजू म्हणजे नमाजाआधी करतात तसं हातपाय धुणं, आणि थंड करणं म्हणजे पाण्यात सोडणं. जीर्ण कुराण आम्ही फेकत नाही. पुरतो, नाहीतर वाहत्या पाण्याच्या हवाली करतो. नदीला पाणी नव्हतं, म्हणून खालांनी शेतातल्या विहिरीत सोडलं, दगड बांधून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खाला, ते कुराण नव्हतं! व्याकरण होतं! कोणाले विचारायचं तरी!"

खालांनी विचारलं, "अरबी होतं ना, बेटा?"

अब्बांनी माझं मनगट धरलं. "भाभी, बराबर केलं तुमी. एवढी इज्जत कोण करते आजकाल." आणि त्यांनी उरलेला चहा संपवला.

विहीर मात्र त्यांनी पाहायला मागितली. काठावर वाकून विचारलं, "पाणी दिसते काय तुले?"

"थोडंसं. थांबा, मी कोणाले तरी उतरवते."

"नको. काजळाची शाई हाय. पाण्यात रायत नाही ते."

आणि अब्बा रडले. मोठ्यानं, हुंदके देत. शेतात कोणी नव्हतं ते बरं झालं.

त्यानंतर त्यांनी पोथीचं नाव काढलं नाही. आधी नजर गेली, मग पुढच्या थंडीत तेही गेले. चाळिसावा दिवस झाल्यावर मी पेटी उघडली. शेवटचा शब्द तसाच, पुढचं पान नसलेला. मग पहिलं पान उघडलं. किड्यांच्या राजाला केलेल्या विनवणीखाली जाड पेननं, एकमेकांवर चढलेल्या अक्षरांत, तीन ओळी होत्या:

हे कुराण नाही.
व्याकरण आहे.
पाण्यात सोडू नये.

अब्बा जन्मभर उर्दूत लिहीत आले. या ओळी देवनागरीत होत्या, माझ्यामागे पेटी उघडेल त्या कोणालाही वाचता याव्यात म्हणून.