बाबांचा डिस्प्निया

माझे बाबा धडधाकट असल्याचं नाटक करत करत गेले.

आज त्यांची पुण्यतिथी. दरवर्षी फोटोला हार घालून गप्प बसते. यंदा लिहितेय.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये कार्डिंगला होते. तिथे कापूस पिंजतात आणि दिवसभर बारीक रुई उडते. घरी यायचे तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या.

मग मिल बंद पडली. नव्वदच्या पुढची गोष्ट. टीव्हीवर रोज सांगायचे की देश आता खुला झाला. आमच्याकडे गेटला कुलूप.

तरी बाबा रोज सकाळी गेटवर जायचे. सगळेच जायचे. शेजारचे गोविंदकाका हाक मारायचे, "चलो भिया, आज कुछ होगा."

काही व्हायचं नाही.

मी तेव्हा एमबीबीएसला होते. आई लोकांकडे पोळ्या करायची, त्यावर घर चालायचं. संध्याकाळी बाबा माझं पुस्तक मांडीवर घेऊन मला प्रश्न विचारायचे. इंग्रजी अक्षर-अक्षर जोडून वाचायचे.

"डिस्फेजिया?"

"गिळायला त्रास."

"डिस्युरिया?"

"लघवी करताना जळजळ."

"डिस्पेप्सिया?"

"अपचन."

"हे डिस डिस काय लावलंय गं?"

"ग्रीक आहे बाबा. डिस म्हणजे बिघडलेलं, त्रासाचं."

"कमाल आहे. त्या ग्रीक लोकांना दुखण्याशिवाय दुसरा धंदा नव्हता का?"

मग काय, घरात सगळंच डिस झालं. पोहे गिचका झाले की डिस-पोहे. गोविंदकाकांची लूना सुरू झाली नाही की डिस-लूना. आई वैतागायची, "पुरे करा हो!"

एकदा ते अडखळत वाचायला लागले, "डिस्... पनो... इया?"

"डिस्प्निया. श्वासाचा त्रास. तुम्हाला आहे तो, बाबा."

त्यांनी पान उलटलं. "अगला सुन."

मला दिसत होतं हो सगळं! रस्त्यात थांबून चप्पल झटकायचे, खडा गेला म्हणून. कुठला खडा? दम लागायचा. झोपायचे ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्या.

मी हात जोडले, रडले, भांडले. "एक एक्स-रे काढू या ना. माझेच सर बघतील."

"नाही म्हणजे नाही. एकदा कागदावर फेफडे खराब लिहिलं गेलं की संपलं. मिल चालू होताना सगळ्यांचं मेडिकल होणार. अनफिटवाल्याला कोण आत घेतो?"

"आणि नाहीच चालू झाली तर?"

"असं अभद्र बोलू नये."

शेवटी मी माझ्या एका सीनियर मैत्रिणीला चहाच्या निमित्ताने घरी आणलं. म्हटलं, निदान नुसतं बघ तरी.

बाबांनी ओळखलं. इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मोठ्याने हसले, गप्पा मारल्या. आणि तिच्यासमोर नळावरची भरलेली बादली उचलून सरळ मोरीपर्यंत नेली.

ती जाताना मला म्हणाली, "अरे, अंकल तो एकदम ठीक हैं."

मी आत आले. बाबा मोरीत खाली बसले होते, ओठ निळे पडलेले, आणि मला हाताने खुणावत होते, दार लाव, दार लाव.

इतका राग आला मला. माणूस आपल्याच घरात, आपल्याच पोरीपासून श्वास लपवतो?

मग एके दुपारी गोविंदकाका धावत आले. "भाभी, मशीनें जा रही हैं."

ट्रकवर मशिनी चढवत होते. भंगारात. बाबा गेटवर गेले, उभे राहून बघत होते म्हणे. त्यांच्या कार्डिंगच्या मशिनीपण गेल्या.

घरी आले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "चल."

"कुठे?"

"एक्स-रे काढायला. आता अनफिट निघालो तरी काय फरक पडतो?"

वर्षभर ज्यासाठी मी देवाला साकडं घातलं, ते असं मिळालं. मला ते असं नको होतं.

एक्स-रे बघून सर माझ्याशी इंग्रजीत बोलले, हळू आवाजात. मी स्टुडंटसारखी यस सर, यस सर करत राहिले.

वॉर्डात बाबा म्हणाले, "आता लपवू नकोस. काय काय झालंय ते सगळं सांग."

मी सांगितलं. फुफ्फुसं किती कामातून गेलीत ते. हृदयावर ताण कसा आलाय ते. आता औषधाने फार होण्यासारखं नाही, तेही.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला.

"इतकं सगळं झालं होतं? आणि मी रोज पायी गेटपर्यंत जात होतो?"

चेहऱ्यावर चक्क अभिमान होता हो. एखाद्या पोराने पास झाल्याचं सांगावं तसा.

त्याच आठवड्यात गेले.

बाबा, मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. खूप आठवण येते.

नमस्कार करते.